रेत गोठवण्याच्या खोलीत

“शेवंता, दार उघड. मी आहे.”

आवाज माझ्या नवऱ्याचा होता, आणि मला उठता येत नव्हतं. समोरच्या थर्माकोलच्या पेटीत द्रवरूप नायट्रोजन धुमसत होता. त्याच्या दोन बोटं वर, जाळीवर, चाळीस कांड्या आडव्या ठेवल्या होत्या. प्रत्येक कांडी रिफिलइतकी बारीक, आणि प्रत्येकीत एका मेंढ्याचं रेत. वाफेत बरोबर दहा मिनिटं, मग सगळ्या एकदम खाली सोडायच्या. घाई केली तर वाया, उशीर झाला तरी वाया.

“दहा मिनिटं थांबा,” मी ओरडून सांगितलं. “मधेच सोडता येत नाही.”

जाळीच्या खिडकीतून त्यांच्या पटक्याचं टोक तेवढं दिसत होतं.

ही एक्क्याण्णव सालच्या थंडीतली गोष्ट. मी माळावरच्या मेंढी पैदास केंद्रात प्रयोगशाळा सहायक होते. चांगल्या वाणाच्या मेंढ्यांचं रेत सकाळी धरायचं, अंड्याच्या बलकाच्या द्रावणात मिसळायचं, दोन तास हळूहळू गार करायचं, कांड्यांत भरायचं आणि गोठवायचं, हे माझं काम. आमच्या धनगरवाड्यात मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखणाऱ्या घरातली बाई मेंढ्यांचं असलं काम करते म्हणून सुरुवातीला लोक हसले, मग सवय झाली. मायाप्पा, माझे यजमान, हसले नाहीत कधी. पण चार वर्षांत एकदाही केंद्राच्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं. “बायकोच्या हाफिसात गड्यानं जाऊ न्हाई,” म्हणायचे. आणि आज सहा किलोमीटर सायकल मारून, भर दुपारी, दाराशी उभे होते.

आत्या गेल्या की काय, असं पहिलं मनात आलं. सासूबाईंना मी आत्याच म्हणायचे. पण तशी बातमी असती तर ते असे गप्प थांबले नसते.

घड्याळाचा काटा पोहोचला. मी कांड्या खाली सोडल्या, नायट्रोजन चरचरला आणि शांत झाला. हातमोजे काढून दार उघडलं.

“साहेब कुठायत?”

“तांबोळीसाहेब शिबिराला गेलेत. शिपाई जेवायला. काय झालं?”

ते आत आले आणि त्यांनी स्वतः दाराला कडी घातली. मग सदऱ्याची वरची दोन बटणं काढून बंडीच्या आतून एक छोटी बाटली काढली. कानात घालायच्या औषधाची असते तशी. ती त्यांनी माझ्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. मी हात लावून बघितला, बाटली कोमट होती.

“तुझ्या दुर्बिणीत बघ,” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

“शहरात मोठा दवाखाना आहे,” मी म्हटलं. “तिथं हेच करतात. मी चार वर्षं सांगतेय.”

“तिथं आपल्या गावची निम्मी माणसं दिसत्यात. चिठ्ठी काढायला रांगेत हुभं ऱ्हायचं, मोठ्यानं नाव पुकारणार. मला न्हाई जमायचं.” मग जरा थांबून, “बाटली उकळून वाळवलीया. पोटाशी धरून आणलीया. गार झालं की मरतं, तूच म्हणतीस न्हवं?”

मी घरी स्वयंपाक करताना कामाचं काहीबाही बोलायचे. कोणी ऐकत असेल असं वाटायचं नाही.

“आज का?” मी विचारलं.

“सोमवारी सुपारी हाय. पोरगी एकुणीस वर्साची हाय, शेवंता. मला भ्या वाटाय लागलंय.”

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. आत्यांनी सगळे अंगारे, सगळे उपास माझ्याकडून करून घेतले होते. मग दिवाळीनंतर एकदम शेजारच्या गावच्या बाबाजी पुकळ्यांची रंजना बघून आल्या. कायद्यानं दुसरं लग्न चालत नाही हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी तशी लग्नं होतही होती. अडचण एकच, मी सरकारी नोकर. मी तक्रार केली असती तर कोणीतरी ऐकलं असतं. म्हणून माझी सही हवी होती. ‘मला अपत्य होत नसल्याने माझ्या राजीखुशीने’ असा कागद मायाप्पांच्या मामांनी लिहून आणून ठेवला होता. माझ्या वडिलांनीही सांगून पाठवलं, सही कर बाई, निदान घरातून तरी काढणार नाहीत.

मी काचपट्टी पुसली. थेंब घेतला. वर पातळ काच ठेवली. रोज पन्नास वेळा केलेलं काम, पण काच दोनदा घसरली.

मेंढ्याचं ताजं रेत काचेखाली बघितलं की ढग उसळल्यासारखं दिसतं. लाटांवर लाटा. गोठवून पुन्हा कोमट पाण्यात वितळवलं तरी निम्मे तरी जीव पळत असतात. त्याशिवाय आम्ही तो घाणा, म्हणजे एका वेळी गोठवलेल्या सगळ्या कांड्या, साठवतच नाही. माझ्या डोळ्यांना त्या हालचालीची इतकी सवय झाली होती की डोळा टेकवला की ती दिसणारच असं वाटायचं.

काही दिसलं नाही.

मी भिंग फिरवलं. जास्त ताकदीचं लावलं. पट्टी या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवली. दुसरा थेंब घेतला, मग तिसरा. गार लागून मेले असते तर मेलेले तरी दिसले असते. बाटलीत पाणी राहिलं असतं तर शेपट्या वळलेले दिसले असते. इथं नुसता स्वच्छ उजेड होता. जिवंत नाही, मेलेलंही नाही.

“काय?” ते भिंतीला टेकून उभे होते.

मी खोटं बोलू शकले असते. ‘थोडे आहेत’ म्हटलं असतं तर ते सुटले असते आणि सोमवारी एकोणीस वर्षांची पोर अडकली असती. खरं सांगितलं तर... त्या ‘तर’च्या पुढं मला काही दिसेना. शेवटी मी सांगितलंच नाही. नुकत्याच गोठवलेल्या घाण्यातली एक कांडी पाण्यात वितळवली, पट्टीवर घेतली आणि म्हटलं, “या. तुम्हीच बघा.”

त्यांनी आधी मेंढ्याचं बघितलं. खूप वेळ बघितलं. “आई गं,” म्हणाले, “केवढी गर्दी.” मग मी पट्टी बदलली. त्यांनी पुन्हा डोळा टेकवला. मला त्यांची मान दिसत होती. मान हलली नाही. त्यांनी हातानंच भिंग फिरवायचा प्रयत्न केला, बहुतेक आपल्याला नीट बघता येत नसेल असं वाटलं असावं.

“हितं काईच न्हाई,” ते म्हणाले.

“नाही.”

“यंत्र बिघडलं का?”

त्यांनीच आत्ता त्याच यंत्रात गर्दी बघितली होती.

ते खाली बसले. नायट्रोजनच्या मोठ्या भांड्याला पाठ टेकून, फरशीवर. त्या खोलीला एक दार आणि एक जाळीची खिडकी. शिपाई यायला अर्धा तास होता. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. हात धरावा असं वाटलं, पण हाताला अजून बलकाचा वास होता.

“सुपारी मोडा,” मी हळूच म्हटलं.

“काय सांगून मोडू? आईला काय सांगू? बाबाजी पुकळ्याला काय सांगू?”

“काहीही सांगा. माझं नाव घालून सांगा. मी नाही म्हणते म्हणून सांगा.”

“मग लोक तुला विचारतील, का न्हाई म्हणतीस. तू काय सांगशील?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “शेवंता, माझी शपथ घे. हे हितल्या हितं. हे भाईर गेलं तर मी जिता ऱ्हात न्हाई. मेंढराच्या दुर्बिणीत बायकोनं नवऱ्याला बघितलं म्हणतील. खरंच सांगतो, ऱ्हात न्हाई.”

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होते? त्यांनी बाटली उचलली, खिशात टाकली, कडी काढली आणि गेले. मी पट्टी धुतली. नोंदवहीत त्या दिवशीच्या चाळीस कांड्या लिहिल्या, ‘वितळवल्यानंतरची हालचाल साठ टक्के, घाणा पास’.

सोमवारपर्यंत पाच दिवस होते. घरात एकाच ताटलीला दोघांचे हात लागू न देता कसं राहायचं ते आम्ही शिकलो. ते पहाटे मेंढरं घेऊन जात आणि दिवे लागल्यावर येत. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा ते उठून वाड्यात मेंढरांकडे गेले. आत्या मात्र खुशीत होत्या. रंजनासाठी हिरवं लुगडं आणलं, ते मला दाखवून म्हणाल्या, “तूच नेसव तिला. मोठ्या भनीसारखी ऱ्हा.” तांबोळीसाहेब शिबिरावरून परतले, त्यांनी माझा चेहरा बघून विचारलं, “हाके बाई, घरी काही?” मी म्हटलं, काही नाही. खरं बोलायची मुभा मला कुठंच नव्हती. ना घरी, ना केंद्रात, ना माहेरी. रात्रंदिवस शपथ तोंडात धरून चालल्यासारखं झालं होतं. नकार दिला तर मी सवतीच्या जिवावर उठलेली वांझ बाई. होकार दिला तर माझ्याच सहीनं त्या मुलीला माझ्या जागी आणून बसवायची, आणि सहा वर्षांनी तिच्याही कागदावर कोणीतरी सही मागायची.

सुपारी पुकळ्यांच्या घरी होती. अंगणात घोंगड्या अंथरल्या होत्या. आमच्याकडून आत्या, मामा, हे आणि भावकीतले दोघं. बाबाजी पुकळे साठीचा माणूस, काटक, दीडशे मेंढरांचा धनी. मी त्यांना ओळखत होते. आमच्या केंद्रात ते दोनदा मेंढे तपासायला घेऊन आले होते.

मला आधी आत पाठवलं, मुलीला कुंकू लावायला. पहिलीनं दुसरीला कुंकू लावलं की भांडण होत नाही म्हणे. रंजना पाटावर बसली होती. हात गुडघ्यांत घट्ट धरलेले. तिची आई कुंकवाचा करंडा शोधायला माजघरात गेली तेवढ्यात ती पोर माझ्या कानाशी वाकली.

“ताई, तुमी मला वाईट बघू नका. मला पैलं जे हुईल ना, ते मी तुमच्या वटीत घालीन. आईची आण. दुसरं माझं.”

हे तिनं आधी ठरवून ठेवलेलं होतं, पाठ करून. मी तिच्या कपाळाकडे बघत राहिले. करंडा आला. मी बोट कुंकवात बुडवलं आणि तसंच पुसून टाकलं पदराला. “हात थरथरतोय,” म्हटलं, “बाहेरचं आधी होऊ द्या.”

बाहेर मामांनी कागद काढला, खणखणीत आवाजात वाचला आणि पेन माझ्यापुढं धरलं. बाबाजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“सही मागनं. मला तिच्या तोंडानं ऐकू दे. पोरी, तुझ्या मनानं हाय का हे?”

मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. जेवढा वेळ बघता येईल तेवढा वेळ बघितलं. त्यांनी एक शब्द बोलावा, नुसतं खाकरावं तरी, मी पुढचं सावरून घेतलं असतं. ते घोंगडीचा दोरा ओढत होते.

“नाही,” मी म्हटलं. “माझी संमती नाही.”

आत्या ताडकन उभ्या राहिल्या. “बघा! बघा हिचं! सा वर्सं झाली, घरात पाळणा हलला न्हाई, आन् आता दुसरीचा बी हलू द्यायचा न्हाई हिला! पोराचा वौंस बुडवाय आली ही!”

मामा म्हणाले, “कारण काय, सूनबाई?”

“कारण मला सांगता येत नाही. शपथ आहे.”

“कुणाची शपथ?” बाबाजींनी विचारलं.

मी खाली बघितलं. मग घोंगडीवरून कोणीतरी उठल्याचा आवाज आला. मायाप्पा उठले होते. पायात वहाणा न घालता अंगणाच्या कडेनं, गोठ्यामागून, माळाकडे चालत गेले. कोणी हाक मारली नाही.

बाबाजी त्या दिशेनं बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

“तू त्या केंद्रात कामाला हाईस न्हवं? त्या दुर्बिणीवर?”

“होय.”

“आमच्या काळ्या मेंढ्याचं तूच बघून सांगितलं हुतंस, हा चालायचा न्हाई म्हणून?”

“होय.”

“आन् तू हे बी बघितलंस?”

मी शपथ मोडली नाही. पण माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, त्याला मी काय करणार? आयुष्यभर कळप राखलेला माणूस तो. अख्खा कळप गाभण राहिला नाही तर मेंढपाळ मेंढ्या बदलत नाही, मेंढा बदलतो, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी हळूच मान हलवली, पटका सारखा केला आणि मामांच्या हातातला कागद घेऊन नीट घडी केली.

“पोरगी लहान हाय अजून आमची,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “औंदा करायचं न्हाई. जेवून जा, सैपाक झालाय.”

आम्ही जेवलो नाही. परत येताना टेंपोत आत्या माझ्याशेजारीच बसल्या होत्या. त्या ओरडतील, मारतील असं वाटत होतं. त्या वाटभर समोरच्या पत्र्याकडे बघत बसल्या. घरी आलो तर हे आलेले नव्हते. मी चूल पेटवली. आत्या उंबऱ्यात बसल्या, आणि अंधार पडायच्या आधी, मेंढरं परतायच्या वेळेला, माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

“चौदा वर्साचा हुता. गाल सुजलं, गालगुंड. गावातल्या सगळ्याच पोरांना आलं हुतं. ह्येचं गालावरनं खाली उतरलं. आठ दिस तापानं फणफणला, चालता येईना. तुझ्या सासऱ्यानं बघितलं, आन् भाईर येऊन मला म्हनला, ह्यो नर गेला.”

माझ्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“खात्री कुठं हुती? वाटत हुतं, असंल बी, नसंल बी.”

“मग माझ्यावर का? सहा वर्षं आत्या. त्या देवाच्या दारात मला उलटं फिरवलंत, कोरड्या भाकरीवर ठेवलंत. आणि आता ती पोर?”

“दोन बायकांना झालं न्हाई तर लोक नशिबाला बोल लावत्यात,” त्या म्हणाल्या. “एकीला झालं न्हाई तर कुनीतरी कधीतरी गड्याकडं बघतंय.” मग आवाज बसला. “तू परक्याची हुतीस. त्यो माझा हाय.”

बोलण्यासारखं खूप होतं, पण त्या उंबऱ्यात बसल्या होत्या आणि मला बाहेर जायला तीच एक वाट होती. त्या उठेपर्यंत मी चुलीपाशी बसून राहिले.

हे तिसऱ्या दिवशी परतले. कुठं होतात म्हणून आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमच्यात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायला लागले. बाबाजी पुकळ्यांनी कुठं शब्द काढला नाही, त्यामुळे गावात एवढंच राहिलं की शेवंतानं सवत येऊ दिली नाही. पाणवठ्यावर बायका मला बघून घागरी बाजूला घ्यायच्या. मी बदलीचा अर्ज केला. तांबोळीसाहेबांनी कारण विचारलं नाही, शिफारस लिहून दिली. दोन महिन्यांनी मी ट्रंक घेऊन दोनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रात गेले आणि एका निवृत्त मास्तरांच्या घरामागची खोली घेतली.

चार महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, ते तिथं आले. खांद्यावर घोंगडं, हातात पिशवी. मेंढरं चुलतभावाला राखायला दिली होती. “आई चुलत्याकडं ऱ्हाती,” म्हणाले. “मी हितं ऱ्हाऊ का?” मी म्हटलं, पाणी घ्या आधी. अंघोळ करून ते ओसरीत बसले, आणि तेवढ्यात घरमालकीणबाई, मास्तरांची बायको, चहा घेऊन आल्या. माणूस चांगला, पण चौकशीची हौस. आल्या आल्या त्यांनी यांना न्याहाळलं, मला म्हणाल्या, “हे मिस्टर का? बरं झालं आले. आणि मुलंबाळं कुठं ठेवलीत, आजीकडे?”

त्या प्रश्नाला माझं उत्तर तयार असायचं. ‘नाहीत हो, देवाची मर्जी,’ आणि लगेच दुसरा विषय. मी कप हातात घेतला, तोंड उघडलं.

“न्हाईत,” ते म्हणाले. “मला हुत न्हाईत. तिचा काई दोष न्हाई.”

मास्तरीणबाईंच्या हातातली किटली मधेच थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे, मग पुन्हा किटलीकडे. हे मान ताठ ठेवून बसले होते, पण कान लालबुंद झाले होते. मी त्यांचा गुडघ्यावरचा हात धरला, परक्या बाईसमोर, भर सकाळी.

“चहा गार होतोय,” मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी यांचा कप काठोकाठ भरला.